मॅपमध्ये पाच बायोम आहेत, तरी कुणाला फिरावंसं का वाटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे की कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची चार जणांची टीम आहे, 4 बाय 4 किलोमीटरचा ओपन वर्ल्ड गेम (खेळणारा हवं तिकडे फिरू शकतो असा) केलाय, जंगल, वाळवंट, बर्फ, दलदल आणि ज्वालामुखी असे पाच बायोम, म्हणजे वेगवेगळ्या निसर्गाचे प्रदेश आहेत, दिसायला झकास, पण खेळायला दिलं की मित्र वीस मिनिटांत "भारी आहे रे" म्हणून कंट्रोलर खाली ठेवतात आणि चहाला जातात. तर अजून दोन बायोम टाकू की मॅप मोठा करू, सर प्लीज सविस्तर सांगा.

सर नको, दादा चालेल. आणि दोन्ही करू नकोस.

मी बारा वर्षं लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधल्या जागा रचायचं काम करतोय. त्यातली पहिली तीन-चार तर दुसऱ्यांच्या गेममध्ये दगड आणि झुडपं लावण्यातच गेली, दिवसाला एक डोंगरउतार सजवायचा, संध्याकाळी बिल्ड (गेमची त्या दिवसाची चालती आवृत्ती) अपलोड करायची आणि घरी जायचं. तेव्हा माझाही हाच समज होता की व्हरायटी म्हणजे दिसण्यातला फरक. मग एका प्रोजेक्टमध्ये मला अख्खा बर्फाचा भाग दिला. दीड महिना घासला मी त्याच्यावर, पावलांचे ठसे उमटायचे, फांदीवरून बर्फ घसरायचा, तोंडातून वाफ निघायची. पहिल्या प्लेटेस्टला मागे उभा राहून बघतोय तर अकराच्या अकरा जण सरळ रेषेत पळत सुटले आणि दोन मिनिटांच्या आत पार. एकाने वर विचारलं, हा मघाचाच भाग ना, पांढरा केलेला? लागलं मला ते, पण खरं होतं. हिरव्या भागात ते पळत होते, उड्या मारत होते, बाण मारत होते, आणि पांढऱ्या भागातही डिट्टो तेच करत होते, मग त्यांच्या हाताला आणि डोक्याला फरक कुठून कळणार?

पुढच्या आठवड्यात मी एकच गोष्ट बदलली. मधलं तळं गोठलेलं ठेवलं आणि पाठीवर सामान जास्त असेल तर बर्फाला तडे जायला लावले. बस. ना नवीन मॉडेल, ना नवीन टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र). लोक एकदम खाली बघून चालायला लागले, कडेकडेने जायला लागले, कुणी सामान काठावर ठेवून रिकाम्या हाताने पलीकडे जाऊन आलं. दोन मिनिटांचा भाग पंधरा मिनिटांचा झाला आणि त्या टप्प्यावर कुणीच मोबाइल काढून बघितला नाही. तेव्हापासून मी बायोमला एकच प्रश्न विचारतो: इथे आल्यावर खेळणारा काय वेगळं करतो? उत्तर "काही नाही" असेल तर तो बायोम नाही, तो रंग आहे.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड (2017) खेळला असशील तर आठव. सुरुवातीच्याच पठारावर एक बर्फाळ डोंगर आहे, तिथे गेलं की थंडीने लाइफ कमी व्हायला लागते. आता यावर उपाय काय, तर तिखट मिरच्या घालून काहीतरी शिजव, नाहीतर पेटती मशाल हातात धर, नाहीतर गरम कपडे मिळव. पावसात कडा चढताना हात घसरतो. वादळात अंगावर धातूचं हत्यार असेल तर वीज त्याच्यावरच पडते. वाळवंट दिवसा भाजतं आणि रात्री गारठवतं, ज्वालामुखीजवळ लाकडी धनुष्य पेट घेतं आणि स्फोटकं लावलेला बाण काढला की तोंडावरच फुटतो. म्हणजे बघ, हवामानाने तुझ्या बॅगेतल्या प्रत्येक वस्तूचा अर्थ बदलतो. तेच धनुष्य, तोच बाण, पण प्रत्येक प्रदेशात त्याच्याकडे नव्याने बघावं लागतं. तुझ्या गेममध्ये हातात असलेल्या पाच-सहा गोष्टी घे आणि एकेक घेऊन पाचही बायोममधून फिरव. कागदावर तक्ता काढ, कोड नको. जिथे सगळ्या खान्यांत सारखंच उत्तर येतंय तिथे काम आहे.

आता उलटं उदाहरण देतो, कारण लोक म्हणतात व्हरायटी नसेल तर मॅप बोअर होतो. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) मधला एरांगेल हा मॅप घे, 8 बाय 8 किलोमीटर, आणि खरं सांगायचं तर सगळा एकच बायोम, गवत, झाडं, टेकड्या, घरं, परत गवत. तरी माझा भाचा त्याच्या तालुक्यातली गावं सांगू शकणार नाही पण पोचिंकी, जॉर्जोपोल, स्कूल, मिलिटरी बेस डोळे मिटून सांगेल, कुठल्या घराला मागून दार आहे ते पण सांगेल. का? कारण प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा आहे. पोचिंकीत गल्लीबोळात मारामारी, मिलिटरी बेसवर लूट चांगली पण परत यायला पूल आणि पुलावर कुणीतरी टपून बसलेलं असणारच, नाहीतर बोट शोधा नाहीतर पोहा. एकाच रंगात एवढी व्हरायटी. त्यामुळे तुझ्या पाचपैकी तीन बायोम उडवलेस तरी काही बिघडत नाही, खरं तर मी म्हणेन उडवच, पण त्याकडे शेवटी येतो.

दुसरी गोष्ट मला तुझ्या स्क्रीनशॉटवरून दिसली. वाळवंट संपतं आणि पुढच्या पावलाला दलदल चालू होते, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. तू म्हणशील ब्लेंड करतो की टेक्स्चर, पण टेक्स्चरचा प्रश्न नाहीये. वाळवंट तिथे का आहे हेच मॅपला माहीत नाही.

एकदा पावसाळ्यात महाबळेश्वरवरून पाचगणीमार्गे वाईला खाली उतर, शक्यतो बाइकवर आणि रेनकोट घालून. वर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, धुकं, शेवाळलेली झाडं, आणि तीस-बत्तीस किलोमीटर उतरून वाईत आलास की पाऊस हजार मिलिमीटरच्या पण खाली. आणखी पूर्वेला माणदेशाकडे गेलास तर दुष्काळी मुलूख. सह्याद्रीने ढग अडवले, वरच ओतले, पलीकडे उरलासुरला गेला, पर्जन्यछाया, शाळेत भूगोलात होतंच की. पण घाट उतरताना ते अंगाला कळतं, आधी धुकं सुटतं, मग झाडं बुटकी होतात, मग घरांची छपरं बदलतात, मग रस्त्याकडेला काय विकायला बसलेत ते बदलतं. कुणी पाटी लावलेली नसते की आता कोरडा प्रदेश सुरू. माझ्या डोक्यात आजही टेरेनचं, म्हणजे गेममधली जमीन घडवायचं काम आलं की हा घाट येतो. नवीन मुलांना सांगतो की आधी डोंगर ठेवा, वारा कुठून येतो तो बाण काढा, मग पाणी कुठे साचेल ते बघा, बायोम आपोआप पडतात आणि कडा पण आपोआप मऊ होतात.

प्रोसिजरलवाल्यांनाही, म्हणजे ज्यांचं जग हाताने न बनवता कोडच्या नियमांनी आपोआप बनतं त्यांनाही, हे एकदम जमलेलं नाही. माइनक्राफ्टमध्ये आधी वाळवंटाला चिकटून बर्फ यायचा, 2013 च्या 1.7 अपडेटमध्ये त्यांनी तापमानाचे गट पाडले तेव्हा तो प्रकार कमी झाला. मग 30 नोव्हेंबर 2021 ला 1.18 आलं, जगाची उंची 256 वरून 384 ब्लॉक केली आणि बायोम ठरवायला तापमान, आर्द्रता, समुद्रापासूनचं अंतर, झीज वगैरे मिळून सहा आकडे धरले, जमिनीचा आकार आणि बायोम यांची गाठ सोडवली, त्यामुळे आता डोंगरउतारावरही जंगल चढतं आणि खाली गुहा हॉलएवढ्या. सुंदर दिसतं. पण तिथे आर्द्रता हा स्वतंत्र नॉइज (गणिताने काढलेले चढउताराचे आकडे) आहे, डोंगराने ढग अडवला म्हणून पलीकडे कोरडं असा हिशोब नाही. तो हिशोब ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये आहे, वर्ल्ड बनवताना पर्जन्यछाया खरीच मोजली जाते, आणि गंमत म्हणजे तो गेम कित्येक वर्षं नुसती अक्षरं आणि चिन्हं दाखवून चालला. दिसणं शून्य, कारण पक्कं. तुला हे सगळं सिम्युलेट करायची गरज नाही हां, 4 किलोमीटरच्या मॅपला हाताने बाण काढलास तरी पुरे.

प्रोसिजरलचा विषय निघालाच आहे तर नो मॅन्स स्कायचं सांगतो, कारण तुमच्या टीममधल्या कुणीतरी "सीड (ज्या आकड्यापासून आख्खं जग तयार होतं तो) बदलून अनंत जग करू" असं म्हटलेलं असणारच, प्रत्येक टीममध्ये एक असतो. 2016 मध्ये तो आला तेव्हा ग्रहांची संख्या होती 2 चा 64 वा घात, म्हणजे 18 वर अठरा शून्यं आणि थोडे अधिक. आणि तरी पहिल्या काही दिवसांत लोकांची तक्रार काय, तर सगळे ग्रह सारखे. गणिताने प्रत्येक वेगळा, पण दहाएक ग्रह झाले की माणसाला साचा दिसायला लागतो, हा विषारी ग्रह, हा थंड ग्रह, हा तोच प्राणी पण पाय लांब. प्रोसिजरल जनरेशनवर काम करणाऱ्या केट कॉम्प्टन यांनी यालाच दहा हजार वाट्या ओटमीलचा प्रॉब्लेम म्हटलंय. आपण पोह्यांच्या दहा हजार प्लेटी म्हणू, प्रत्येक प्लेटीत शेंगदाणे वेगळ्या जागी पडलेत हे कबूल, पण खाणाऱ्याला पोहेच. नंतर तो बनवणाऱ्या हॅलो गेम्सने वर्षानुवर्षं फुकट अपडेट देऊन तो गेम खूप सुधारला, तो भाग वेगळा.

आता शोधण्याबद्दल, म्हणजे एक्सप्लोरेशन. तुझा मॅप मी व्हिडिओत बघितला, सुरुवातीच्या टेकडीवरून पाचही बायोम एकदम दिसतात. तू मुद्दाम केलं असशील, बघा आम्ही किती बनवलंय म्हणून. पण सगळं पान वाढून झाकण काढल्यावर पुढे कुतूहल कशाचं राहणार? काही झाकावं लागतं.

यासाठी ब्रेथ ऑफ द वाइल्ड बनवणाऱ्या निन्टेन्डोच्या टीमने 2017 मध्ये जपानमधल्या सेडेक या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत जे सांगितलं ते माझ्या मते या विषयातलं सगळ्यात कामाचं आहे. सुरुवातीच्या टेस्टमध्ये लोक टॉवर ते टॉवर असे रुळावरून चालल्यासारखे चालत होते, म्हणून त्यांनी जमिनीचा आकारच त्रिकोणांवर बसवला. त्रिकोण म्हणजे टेकडी, खडक, डोंगर, छप्पर, काहीही. समोर त्रिकोण आला की माणूस एक तर चढतो नाहीतर वळसा घालतो, म्हणजे निवड त्याची, आणि उताराच्या कडेने जाताना पलीकडचं हळूहळू उलगडतं, झेंड्याचं टोक, मग धूर, मग छावणी. मोठे त्रिकोण लांबून ओळख पटायला, मधले नजर अडवायला, छोटे चालण्याची लय तोडायला. भिंतीसारखा चौकोनी आकार मात्र पूर्ण झाकतो, तो अचानक दचकवायचं असेल तिथे. हे वाचल्यावर मी महिनाभर जिथे जाईन तिथे त्रिकोण बघत होतो, बायको वैतागली होती.

झाकण्याचं दुसरं उदाहरण तुझ्या पिढीने नाही पण माझ्या पिढीने सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन अनुभवलंय, जीटीए मालिकेतला सॅन अँड्रियास, 2004. आम्हाला तो मॅप म्हणजे अख्खा देश वाटायचा. प्रत्यक्षात साधारण 6 बाय 6 किलोमीटर, तुझ्या मॅपच्या दुपटीहून थोडा जास्त. पण प्लेस्टेशन 2 ची मेमरी 32 एमबी, लांबचं दाखवणं परवडायचंच नाही, म्हणून हवेत धुकं आणि धुरळा, आणि रस्ते असे वळणावळणाचे की पुढच्या वळणापलीकडे काय ते कळू नये. माउंट चिलियाडवर चढलं तरी लांबचं शहर धूसरच. मग 2021 मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन आली, मशीन ताकदवान, धुकं गेलं, आणि विमानातून एका टोकावरून दुसरं टोक लख्ख दिसायला लागलं. लोकांचा अक्षरशः विरस झाला, अरे हे तर एवढंसंच होतं! नंतरच्या पॅचमध्ये धुकं परत आणावं लागलं. तोच मॅप, तेच तीन शहरांचं राज्य. आणि त्या धुक्यानेच बिगफूटची अफवा जिवंत ठेवली होती हे माझं मत, आम्ही चौघांनी एक अख्खी दिवाळीची सुट्टी जंगलात तो शोधण्यात घालवली, गेममध्ये तो नव्हताच. पण शोधलं ना आम्ही! कुणी मार्कर (नकाशावर जागा दाखवणारी खूण) दिला नव्हता.

मार्करवरून आठवलं. तुझ्या मिनिमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) सत्तावीस आयकॉन आहेत, मी मोजले. आयकॉन दिसला की माणूस आयकॉनकडे बघून चालतो, जगाकडे बघत नाही, मग तू तिथे ताजमहाल उभा कर नाहीतर पत्र्याची शेड. एकदा मिनिमॅप बंद करून खेळायला दे. लोक हरवतील, चिडतील, आणि तेव्हा तुला कळेल की तुझ्या जगात पत्ता सांगण्यासारखं काही आहे का. गावाकडे आपण पत्ता कसा सांगतो, वडाच्या पारापासून डावीकडे, मग पडकी विहीर, मग कौलारू शाळा. मोरोविंडमध्ये (2002) गावातली माणसं असाच तोंडी पत्ता द्यायची, मार्कर नाहीच, आणि काही पत्ते इतके अर्धवट की शिव्या घालत फिरायचो, पण त्या बेटाचा रस्ता न् रस्ता मला अजून पाठ आहे.

आणि याचा कळस म्हणजे सबनॉटिका, 2018. माझा सगळ्यात आवडता, त्यामुळे इथे थोडं पाल्हाळ सहन कर. समुद्राखालचा गेम, आणि गेममध्ये नकाशाच नाही. सुरुवातीला श्वास 45 सेकंदांचा. उथळ पाणी, ऊन झिरपतंय, रंगीत मासे, सगळं छान, आणि थोड्याच अंतरावर उंच वेलींचं हिरवट रान दिसतं, पाणी गढूळ, आतून काहीतरी ओरडतंय. कुणी सांगत नाही जा किंवा जाऊ नको. पण पाणबुड्याचा सूट बनवायला लागणाऱ्या गोष्टी तिकडेच आहेत. मग पलीकडे लाल गवताची पठारं, त्यापलीकडे झाडाएवढ्या आळंब्या, आणि मग खोली. तिथे कुंपण म्हणजे खोलीच, पहिली छोटी पाणबुडी 200 मीटरच्या खाली नेली की चेपायला लागते, ती सुधारायला सामान लागतं, सामान मिळवायला आधी कधी गेलो नव्हतो त्या भागात जावं लागतं. भिंत कुठेच नाही, पण शंभर ठिकाणी तू स्वतःहून मागे फिरतोस. नकाशा नसताना माणूस हरवत का नाही, कारण प्रदेश हेच पत्ते आहेत, माझा बेस लाल गवताच्या कडेला, तिथून कोसळलेल्या अवकाशयानाकडे तोंड केलं की डावीकडे घळ. तिथे व्हरायटी शोभेला नाही, दिशा कळायला आहे. आणि आवाज! लाइट घालवून हेडफोन लावून खेळ, कुठल्या भागात आलोय ते निम्म्या वेळा आधी कानाला कळतं. तुझ्या व्हिडिओत पाचही बायोमला एकच वाऱ्याचा आवाज लूपमध्ये आहे, फुकट मिळणारे आवाज वापर पण वेगळे वापर रे.

बक्षिसाचं एक राहिलं. वळसा घालून कुणी आलं तर तिथे काहीतरी असलंच पाहिजे, आणि दर वेळी पेटीत नाणी नकोत. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये 900 कोरोक बिया लपवल्यात, सामानाचे सगळे कप्पे वाढवायला त्यातल्या 441 पुरतात, म्हणजे सगळ्या गोळा करणं अपेक्षितच नाही, त्या एवढ्यासाठी आहेत की "हा दगड इथे एकटाच का?" असं वाटून तू थांबलास तर हात हलवत परत जाऊ नयेस. दुसऱ्या टोकाला एल्डन रिंगमधली लिफ्ट. जंगलात एक साधं पडकं बांधकाम, आत लिफ्ट, पाय ठेवला की खाली जाते, आणि जातच राहते, थांबतच नाही, आणि खाली दार उघडतं तर जमिनीच्या पोटात चांदण्यांनी भरलेलं आभाळ आणि एक अख्खी नदी. तिथे जायला कुठलाही क्वेस्ट (गेमने दिलेलं काम) लागत नाही. त्याच गेममध्ये एका पडक्या तळघरातली पेटी उघडली की धुरात गुंडाळून थेट लाल सडक्या प्रदेशाच्या खाणीत नेऊन आपटतात, लेव्हल पाच असताना. रडलो होतो मी, पण त्यानंतर प्रत्येक पेटीसमोर दोन सेकंद थांबायला लागलो.

आता तुझ्याकडे काय वेळ आहे, चार महिने? चार जणांत ओपन वर्ल्डच कशाला हेही एकदा टीममध्ये बोला. आपल्या पुण्यात बनलेला राजी (2020) बघ, रस्ता ठरलेला, कॅमेराही तुमच्या हातात नाही, पण तो योग्य वेळी मागे जातो आणि तुम्ही केवढ्या मोठ्या किल्ल्यात उभे आहात ते दिसतं. तसं करायचं नसेल, ओपनच हवं असेल, तर बर्फ, दलदल आणि मधला डोंगर एवढंच ठेव, बाकी जंगल, वाळवंट आणि ज्वालामुखी कॉपी करून बाजूच्या फोल्डरला टाक, डिलीट नको म्हणजे टीममध्ये भांडण नको. मॅप 4 वरून 2 किलोमीटरवर आण. किती अंतरावर काय ठेवायचं कळत नसेल तर निन्टेन्डोवाल्यांनी क्योटोचा नकाशा आपल्या मॅपवर अंथरून अंदाज घेतला होता, शहर पायाखालचं असल्यामुळे कुठून कुठे जायला किती वेळ लागतो ते त्यांच्या अंगात होतं, तसा तू तुझ्या कॉलेजच्या आजूबाजूचा नकाशा घे, होस्टेल ते टपरी किती मिनिटं आणि मध्ये काय काय लागतं ते आठवून बघ.

मग सगळी टेक्स्चर काढून नुसता राखाडी ग्रेबॉक्स (साध्या ठोकळ्यांचा कच्चा मॅप), मिनिमॅप बंद, आणि गेम कधीच न बघितलेली तीन माणसं बसव. त्यांच्यामागे गप्प उभा राहा, "इकडे जा ना" असं अजिबात म्हणायचं नाही, जीभ चावून धर. रेकॉर्डिंग कर आणि कुठे थांबले, कुठे मागे वळून बघितलं ते मिनिटासकट लिहून ठेव. व्हिडिओ पाठव, मी रविवारी बघून सांगतो, आणि ग्रेबॉक्सचाच पाठव, तो ज्वालामुखीवाला ट्रेलर मी तीनदा बघितलाय.